पाणवठा कुणाच्या बापाचा?

मी गोदीत लोखंड उचलतो आणि कविता लिहितो. दोन्हीला भाव नाही. गाव बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. शिक्षण दहावी. हे आधीच सांगून टाकलं, कारण पाण्यावर बोलायला इथं पदवी लागते, जाकीट लागतं, माईक लागतो. तहान लागलीच पाहिजे अशी अट नाही.

उन्हाळ्यात गावाकडनं मायचा फोन आला. "हापसा उचक्या देऊ लागलाय बाबा." आमच्या वस्तीच्या हापशापासून दीडशे पावलांवर एका बड्या कास्तकारानं बोअर पाडलं. चारशे फूट. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचे भाऊबंद गावोगाव आहेत. रात्रभर त्याची मोटर चालते आणि सकाळी आमचा हापसा हवा ओकतो. माय म्हणते, "पाऊसच कमी झाला रे." चोरी मोटरीची आणि आळ पावसावर!

दोस्तांनो, मराठवाड्याच्या जमिनीखाली काही समुद्र नाही. काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. एकाच भेगेवर दोघं बसले की ज्याचं बोअर खोल आणि मोटर मोठी, त्याच्याकडं पाणी जातं. आणि जमीन ज्याची, तिच्या खालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा, हे इंग्रजानं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लिहून ठेवलंय. मनूनं आम्हाला जमीन नाकारली, इंग्रजानं जमिनीखालचं पाणी मालकाच्या नावावर केलं. दोघांची भेट झाली नव्हती, तरी काय जमलं बघा!

त्यात हे शहरातले जलप्रेमी. २०१६ पासून श्रमदानाच्या स्पर्धा सुरू झाल्या. टोप्या, टिकाव, फोटो. चर खोदणं वाईट नाही, मी स्वतः खोदलेत. हाताला फोड आले ते गोदीत जायच्या आधीचे. पण चरात मुरलेलं पाणी उतारानं खाली गेलं, ते कुणाच्या विहिरीत? आमच्याकडं विहीर नाही, कारण आमच्याकडं रान नाही. घाम भूमिहीनाचा आणि हिरवा झाला मालकाचा ऊस. हा सवाल स्पर्धेच्या गुणपत्रिकेत नव्हता.

दुसरी वाट नव्हती असं नाही. १९७४ साली पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. पुण्याचे इंजिनिअर, काही पँथर नव्हते. पण पाणी जमिनीच्या मापानं नको, घरातल्या माणसांच्या मापानं द्या, भूमिहीनालाही वाटा द्या आणि ऊस लावू नका, एवढं त्यांनी ठणकावून सांगितलं. बाकीच्यांना ते अजून ऐकू आलेलं नाही.

कळंबेश्वर आठवतं? वाशिम जिल्हा, २०१६. बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून आपल्यातल्या एका मजुरानं ४० दिवस एकट्यानं खणून विहीर पाडली. वर्तमानपत्रांना उमाळे आले. काय जिद्द, काय प्रेम! माझं डोकं फिरलं. त्या माणसाला माझा सलाम, तहानलेल्याला कसला दोष. पण वेगळी विहीर म्हंजे वेगळा पाणवठा, आणि गावगाड्याला दुसरं हवं तरी काय? ज्या विहिरीवर नाकारलं, तिच्यावर ४० दिवसांत आपल्यातले चाळीस जण का गेले नाहीत?

आता आपल्याकडं वळतो. राग येऊ द्या.

दर २० मार्चला आपण महाडला जातो. निळे झेंडे, घोषणा, तळ्याकाठी मोबाईलवर फोटो. पण १९२७ साली तिथं काय झालं? सार्वजनिक पाणवठे खुले करायचा बोलेंचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेचा ठराव जानेवारी १९२४ चा. ठराव होते, पाणी नव्हतं. बाबासाहेबांनी तो कागद पायानं चालवला, तळ्यापर्यंत नेला आणि ओंजळीत भरला. त्याबद्दल आपल्या माणसांनी मार खाल्ला, त्यांनी तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' केलं, दावा लावला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं चिकटून बसले होते ते. आपण दहा मिनिटं ग्रामसभेत बसतो का?

आजही कागद आहेत. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, घाट नावानिशी लिहिलेत. आपला पाणवठा नासवला की ॲट्रॉसिटी लागते. १९९३ सालच्या कायद्यानं सांगितलं, पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर पाडायची नाही. त्याच्या जागी २००९ चा कायदा आला, त्यातही हे पाणी राखायचं कलम आहे. शिवाय शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर नको म्हणतो. ६० मीटर म्हंजे दोनशे फूट. आमच्याकडं चारशे फुटांचा मालक मिशा पिळतो आणि तलाठी चहा पितो. तुम्ही कविता लिहिता. मीही लिहितो, मला काय विचारता!

मुंबईतही तेच. बंदराच्या जमिनीवर झोपड्या, नळ नाही. २०१३ साली छापून आलेल्या एका पाहणीत कौला बंदरचे लोक पालिकेच्या दराच्या पन्नास पटींहून जास्त पैसे मोजत होते. जो गरीब त्याला पाणी महाग. पाणी हक्क समितीनं कोर्टात भांडून १५ डिसेंबर २०१४ ला निकाल मिळवला, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. अर्ज, नकार, मोर्चा, परत अर्ज. कंटाळवाणं काम. त्याच्यावर कुणी पोवाडा लिहिला नाही.

यंदा २० मार्चला मी महाडला येत नाही. बोरीला जातोय. मुकादमाकडं चार दिवसांची सुट्टी टाकलीय, मजुरी बुडणार. सोबत ५० मीटरचा टेप घेतलाय. हापशापासून बोअरपर्यंत मोजायचं, दिवसाढवळ्या, वस्तीतल्या बाया-माणसांना घेऊन. पंचनामा आपणच लिहायचा, सह्या-अंगठे घ्यायचे, एक प्रत ग्रामसभेला, एक तहसीलदाराला, पोच घेऊनच हलायचं. माय म्हणते, "मारतील रे." मारतीलही. म्हणून म्हणतो, एकट्याला पाठवू नका. परभणीहून जिंतूरकडं जाणाऱ्या एसटीची चौकशी करा आणि या. भाकरी माय करील. पाणी तेवढं आपापलं आणा, हापसा अजून हवाच ओकतोय.