मार्कांविना चाचणी

चाचणी म्हटलं की मुलांना मार्क आठवतात, पालकांना तर जरा जास्तच! २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६.

डोक्याला ताण दिला की टिकतं. पण मूल तो ताण आपणहून घेतं कधी? मार्क कापले जाणार नसतील तेव्हा. नाहीतर शेजारच्या वहीत डोकावतं, किंवा चार पर्यायांत अंदाजपंचे दाहोदरसे बोट ठेवतं. (मोबाईलवरच्या क्विझमध्येही हेच.)

म्हणून म्हणते, रोज ५ प्रश्न, पर्याय नकोत, मार्कही नकोत. चुकलं तर तिथल्या तिथे सांगा आणि चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.