तापमानाचा रकाना

सातव्या महिन्यात जन्मलेले किलोभराचे बाळ वाचण्याची शक्यता किती टक्के, हे नातेवाइकांना आकड्यात सांगावे आणि बाळाला उबेत ठेवणाऱ्या पेट्या (इनक्युबेटर) अपुऱ्या असतील तिथे त्या आकड्यावरूनच पेटी द्यावी, असे म्हणणारे आहेत. मला ते साफ अमान्य आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला, असा आकडा देणारा ‘क्रिब-२’ गुणांक गर्भाचे आठवडे, वजन, लिंग, दाखल होतानाचे तापमान आणि रक्तातील आम्लतेचे माप यांवरून निघतो. तशा शंभर बाळांत साधारण किती दगावतील हे तो सांगतो. समोरचे बाळ त्यांतले आहे का, हे सांगत नाही. शिवाय तो ब्रिटनमधल्या बाळांवरून बेतलेला. आपल्याकडे आईला पाळीची तारीख आठवत नाही, सुरुवातीची सोनोग्राफी झालेली नसते. मग चौदाशे ग्रॅमचे बाळ २९ आठवड्यांचे, की ३४ आठवड्यांचे पण पोटातच खुरटलेले, हे अंदाजाने लिहिले जाते. वजन एकच, पण दोघांच्या फुप्फुसांत केवढे अंतर!

म्हणून गुणांक टाकून द्यावा काय? मुळीच नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, विदर्भातूनच नव्हे, मध्य प्रदेशातूनही अत्यवस्थ बाळे येतात. त्यांचा मृत्यू मेडिकलच्या खात्यावर पडतो, पाठवणाऱ्याचे खाते कोरेच राहते. मुळातली जोखीम न धरता केलेली रुग्णालयांची तुलना हा अन्याय आहे, आणि ती जोखीम गुणांकच दाखवतो. यावर जाणकारांचा आक्षेप असा, की गार पडलेल्या बाळाचा गुण वाढतो, जोखीम जास्त दिसते आणि हलगर्जीपणाने झालेला मृत्यूही ‘अपेक्षित’ ठरतो. आक्षेप खरा आहे. याच कारणाने ब्रिटनमध्येही तापमान वगळून हा गुणांक काढला गेला. पण वगळलेले तापमान विसरून चालणार नाही. पाचांपैकी तेवढेच वाटेत सहज राखता येते. ते पाठवणाऱ्या रुग्णालयाच्या नावासह वेगळ्या रकान्यात लिहावे आणि ३६.५ अंशांखालच्या प्रत्येक नोंदीचा जाब विचारावा. बाळ कोरडे पुसले का? ओले फडके बदलले का? टोपी घातली का? आईच्या उघड्या छातीशी धरून आणले का? भारतासह पाच देशांतल्या २०२१ च्या अभ्यासात एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मताच असे धरल्याने २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. दुर्गम भागात हे जमणार नाही, ही सबब तर विदर्भाने सांगूच नये. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले, आणि ते १९९९ सालीच छापून आले आहे.