तो काही करत नाही

जानेवारीतली सकाळ होती. लोणावळ्याच्या पलीकडच्या एका कातळावर आमच्या ग्रुपमधली एक मुलगी लीड करत होती आणि बिलेवर मी होतो. दुसरा बोल्ट तिच्या गुडघ्याखाली गेला होता. तिसरा क्लिप करायला तिने दोर वर ओढला, मी ढील दिली, आणि नेमका त्याच वेळी करवंदीच्या जाळीतून एक लॅब्रेडॉर धावत आला. आमच्या सॅकमधल्या थालीपिठांचा वास त्याला लागला होता. तो थेट दोराच्या वेटोळ्यात शिरला, मागचा पाय अडकला, तसा बिचकून त्याने हिसका दिला. मी खाली पाहिलं. एक सेकंद, फार तर दीड. तेवढ्यात वर तिचा पाय सुटला. माझा उजवा हात दोरावरून निघाला नव्हता म्हणून ती थांबली. थांबली तेव्हा तिच्या बुटांचे तळवे जमिनीपासून वीतभर वर होते.

"घाबरू नका हो, तो काही करत नाही!" पायवाटेवरून कुत्र्याच्या मालकाने हाक दिली. त्याच्या आवाजात खरंच आपुलकी होती. मी काहीच बोललो नाही, हात थरथरत होते. तेव्हा राहिलेलं उत्तर आज देतो आहे.

कुत्रा काही करत नाही, हे मला मान्य आहे. तो लॅब्रेडॉर कोणाला चावला नाही, साधा गुरगुरलाही नाही. पण कड्याखाली हा प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. बागेत, सोसायटीच्या आवारात कुत्र्याची भीती म्हणजे त्याच्या दातांची भीती, आणि मालकांना तेवढंच उत्तर द्यायची सवय झालेली असते. कड्याखालचा हिशेब निराळा आहे. शेवटच्या बोल्टच्या चार फूट वरून माणूस सुटला तर पडणं आठ फुटांचं होतं. त्यात क्लिप करायला ओढलेला दोर मिळवा, आणि दोराचं स्वतःचं ताणणंही मिळवा. चढाईच्या दोराला चाचणीतल्या पहिल्या झटक्याला ४० टक्क्यांपर्यंत ताणायची मुभा मानकातच दिलेली आहे. ते ताणणंच पाठीचा कणा वाचवतं. पहिल्या वीस-पंचवीस फुटांत या सगळ्या बेरजेला जागा पुरत नाही. तिथे वरच्या माणसाच्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त बिले देणाऱ्याचं लक्ष असतं. मोकळा कुत्रा ते लक्ष घेतो. प्रेमाने घेतो, शेपटी हलवत घेतो, पण ज्याचं ते लक्ष आहे त्याला विचारून घेत नाही. लक्ष वर लटकणाऱ्याचं असतं. माझंसुद्धा नसतं, मग मालकाने ते परस्पर वापरायचा प्रश्नच कुठे येतो?

दुसरं म्हणणं हमखास ऐकू येतं: डोंगर सगळ्यांचा आहे. आहेच. म्हणून तर आधी येऊन दोर लावलेल्या ग्रुपला आपण जागा देतो, त्यांच्या मार्गाखाली उभे राहत नाही, वरून काही सुटलं की "दगड!" म्हणून जीव तोडून ओरडतो. सगळ्यांच्या जागेवर वागायची रीत असावी लागते ती ती सगळ्यांची असते म्हणूनच. आणि दगडाचं म्हणाल तर आपला सह्याद्री बेसॉल्टचा. पावसाळा सरला की कितीतरी कड्यांवर खिळखिळे झालेले तुकडे नुसते टेकलेले असतात, आणि चढाईचा हंगाम नेमका त्यानंतरच सुरू होतो. आपण डोक्यावर हेल्मेट घालतो आणि कड्याच्या पायथ्याशी विनाकारण रेंगाळत नाही. कुत्र्याला हेल्मेट नाही, आणि "दगड!" हा शब्द ऐकून कातळाला चिकटायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तो उलट आवाजाच्या दिशेने धावत येतो.

दोराचीही गोष्ट सांगतो, कारण ती दिसत नाही. पसरलेल्या दोरावर पाय देऊ नये हे आपण नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतो. पाय दिला की बारीक खर आवरणाच्या विणीतून आत दाबली जाते आणि आतले तंतू प्रत्येक ताणाबरोबर घासत राहतात. तोच नियम नखं असलेल्या चार पायांनाही लागू आहे.

आता सर्वांत अवघड पूर्वपक्ष. "पायथ्याच्या गावातली कुत्री मोकळीच फिरतात, त्यांना नाही कोणी काही म्हणत, मग माझ्याच कुत्र्याला पट्टा का?" हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्यात माझे जवळचे मित्र आहेत, आणि गावातून गडापर्यंत सोबत करणाऱ्या, अर्ध्या भाकरीवर दिवसभर साथ देणाऱ्या कुत्र्यांवर माझाही जीव आहे. पण गावचा कुत्रा तिथलाच आहे. त्याला वाट माहीत असते, तो सावली धरून पडतो, शेळ्या त्याच्या ओळखीच्या असतात. शहरातून गाडीने आलेला कुत्रा त्या दिवशी पहिल्यांदाच शेळी पाहत असतो. ती बुजून कड्याकडे पळाली तर धनगराचं नुकसान कोण भरून देणार? टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. माळावर सुसाट सुटलेल्या कुत्र्याला ती दिसतसुद्धा नाहीत. इंग्लंडमध्ये खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावरच ठेवावा लागतो, तो नियम जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठीच. स्टॅनेजसारख्या नावाजलेल्या कड्यावर जाणारे आरोहक तो पाळतात आणि कुत्रेही नेतात.

शिवाय गावच्या कुत्र्याच्या बाबतीतही आपण निर्दोष नाही. बिस्किटं दाखवत त्याला पॅचवरून वर नेणारे आपणच. चढताना तो कसाबसा चढतो, उतरताना अडकतो, आणि आपण शेवटची बस गाठायला निघून जातो. त्याला कड्याखाली खाऊ घालू नये आणि पॅचच्या पुढे नेऊ नये, हे मी दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांसाठी एकाच तोंडाने सांगतो.

अभयारण्याचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. कोकणकडा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. २०१८मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यांच्यातल्या काहींच्या नमुन्यांत आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅनाइन डिस्टेंपर सापडला, आणि हा आजार कुत्र्यांकडून रानातल्या जनावरांत जाऊ शकतो. अशा जागी पाळीव कुत्रा घरीच ठेवावा.

राहता राहिला मालकांचा मनापासूनचा मुद्दा: आठवडाभर फ्लॅटमध्ये कोंडलेलं जनावर एक दिवस तरी मोकळं धावू दे. हे ऐकताना मला वाईट वाटतं, कारण ते खरं आहे. पण त्याने कुठे धावावं? माणसं दोरावर लटकलेली आहेत त्या कड्याच्या पायथ्याशी तर नक्कीच नाही. दोर गुंडाळून झाल्यावर, गुरं-शेळ्या आणि घरटी नसलेल्या मोकळवनात त्याच्याबरोबर तासभर खुशाल धावा.

म्हणून माझं म्हणणं कुत्रे आणू नका असं मुळीच नाही. आणा, पण त्याच्यासाठी एक माणूस आणा. एक चढणारा, एक बिले देणारा आणि तिसरा कुत्र्याचा. दोघंच असाल तर त्याला बिले देणाऱ्याच्या हार्नेसला कधीही बांधू नका. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब. कड्यापासून बाजूला, सावलीत, पाण्याचं भांडं जवळ ठेवून बांधा. आधीपासून तिथे असलेल्यांना विचारा, आणि कोणी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. लहानपणी कुत्रा चावलेला माणूस तुमच्या शेजारी लीड करत असेल.

फेब्रुवारीत त्याच कातळावर तिघंजण एक देशी कुत्री घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "चालेल ना?" मग तिला पन्नास पावलांवरच्या उंबराखाली बांधलं आणि एकजण पाळीपाळीने तिच्याजवळ बसला. दुपारी आमच्या मार्गावरून नारळाएवढा दगड सुटला. वरून ओरड आली, आम्ही कातळाला चिकटलो. दगड पायथ्याशी आपटला, लॅब्रेडॉर जिथे दोरात अडकला होता त्याच्या हातभर अलीकडे. उंबराखाली कुत्रीने कान टवकारले, बाजूच्या मुलाकडे पाहिलं आणि पुन्हा पंजांवर हनुवटी टेकली.