निर्लेखन करण्याआधी एकदा टॉर्च मारून बघा

आपल्या जिल्हा परिषद शाळेतल्या नऊ मॉनिटरची ही गोष्ट आहे. पोस्ट जरा लांब झालीय, पण शाळा व्यवस्थापन समितीवर आणि ग्रामपंचायतीत असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या महिन्यात पुतणीच्या दाखल्यासाठी शाळेत गेलो होतो. संगणक कक्षात पंधरा टेबलं, चालू संगणक सहा. एकेका संगणकासमोर पाच-सहा पोरं. माऊस एकाच्या हातात, बाकीची खांद्यावरून डोकावतायत. कोपऱ्यात नऊ मॉनिटर एकावर एक रचलेले, वर गोणपाट.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "भाऊ, ते सगळे गेलेत. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवलाय."

"आणि सीपीयू?"

"सीपीयू चालतात हो. स्क्रीनच येत नाही."

आता आधीच सांगून टाकतो, माझा धंदा यातलाच. तालुक्याला टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे 'हा स्वतःच्या धंद्याचं बोलतोय' असं कुणाला वाटलं तर वाटू दे. या कामाचा एक रुपया घेतलेला नाही.

एक मॉनिटर जोडून चालू केला. हिरवा दिवा लागला, दोन सेकंद चित्र आलं आणि काळोख. मोबाईलचा टॉर्च काचेला तिरका धरला. आत डेस्कटॉपवरची चिन्हं पुसट दिसत होती. मागून एक पोरगं ओरडलं, "सर, आहे की आत!"

तेच सांगायचंय. आहे आत. एलसीडी पॅनेल स्वतः उजेड देत नाही, ते फक्त चित्र तयार करतं. उजेड मागून येतो. जुन्या मॉनिटरमध्ये पेन्सिलीपेक्षाही बारीक ट्यूब असतात, नंतरच्या मॉनिटरमध्ये एलईडीची पट्टी. याला बॅकलाइट म्हणतात. बॅकलाइट गेला की चित्र असूनही दिसत नाही. घरातली लाइट गेली म्हणून घर पडलं असं आपण म्हणत नाही, पण मॉनिटरच्या बाबतीत नेमकं तेच म्हणतो आणि भंगारात घालतो.

दोन सेकंद चित्र येऊन जातं, त्यालाही कारण आहे. ट्यूब पेटवणारं सर्किट प्रयत्न करतं, करंट बरोबर मिळत नाही असं दिसलं की धोका नको म्हणून स्वतःच बंद होतं.

मॅडमकडे लेखी अर्ज दिला, नऊही मॉनिटर पोचपावतीवर दुकानात आणले. दोन रविवार गेले. हिशेब असा:

पाच मॉनिटरमध्ये पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले होते. डोक्यावर सपाट असायला हवेत, ते घुमटासारखे वर आले होते. उष्णतेने हा भाग हळूहळू मरतो. आतलं तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. आपल्या शाळेचा संगणक कक्ष पत्र्याखाली आहे, त्यात मॉनिटरच्या जाळीत धूळ. दुसरं काय होणार? पुण्याला तपकीर गल्लीत गेलो, १०५ अंशांचे चांगले कपॅसिटर आणले. एका मॉनिटरला सत्तर रुपयांचं सामान लागलं.

दोन मॉनिटरमध्ये कपॅसिटर ठीक होते, पण ट्यूबची टोकं काळी पडलेली. लागल्यावर क्षणभर लालसर उजेड यायचा. तिथे ट्यूब काढून एलईडी पट्टीचं किट बसवलं, प्रत्येकी तीनशे रुपये.

उरलेल्या दोनपैकी एकाचं पॅनेलच तडकलेलं. दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर जळालाय आणि तसा पार्ट कुठे मिळाला नाही.

म्हणजे नऊपैकी सात चालू, सामानाचा खर्च ९५० रुपये. आज साधा नवा मॉनिटर घ्यायचा तर पाच-सहा हजार जातात.

इथे 'शाळेचा गलथान कारभार' अशी कमेंट टाकायला हात शिवशिवत असतील तर थांबा. मॅडमनी मला जे सांगितलं ते ऐका. "भाऊ, दुरुस्तीवर खर्च केला आणि महिन्याने परत बंद पडला, तर ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतं. निर्लेखन केलं तर कुणी काही विचारत नाही." दुरुस्ती करायची तर कोटेशनं हवीत, जीएसटीचं बिल हवं. गावातल्या मेकॅनिककडे जीएसटी नंबर नसतो. ज्यांनी संगणक बसवले त्यांचा करार संपलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस गोणपाट टाकून प्रस्तावच पाठवेल. दोष माणसाचा नाही. फेकणं सोपं आणि दुरुस्त करणं अवघड करून ठेवलंय, दोष त्याचा आहे.

युरोपात १ मार्च २०२१ पासून टीव्ही-मॉनिटर बनवणाऱ्यांना नियम आहे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं पॉवर सप्लाय, कपॅसिटर असे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलं पाऊल आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सर्किटचा नकाशा आणि पार्ट मला हक्काने मागता आला असता, तर तो आठवा मॉनिटरही कदाचित उठला असता.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. इथे आपल्या हातातल्या तीन गोष्टी मागतो:

१. संगणक साहित्याच्या निर्लेखन प्रस्तावासोबत दोष-तपासणीचा एक कागद जोडावा. नक्की काय बिघडलंय, दुरुस्तीला किती लागतील, एवढंच. 'नादुरुस्त' हा एक शब्द पुरेसा धरू नये.

२. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड आहे. तिथल्या मुलांना वर्षातून एकदा निदेशकांसोबत तालुक्यातल्या शाळांमध्ये आणावं. त्यांना खरं काम शिकायला मिळेल, शाळेला दोष कळेल.

३. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. त्यातून शाळेचे बाकीचे खर्चही भागवायचे असतात हे मान्य. तरी त्यात किरकोळ दुरुस्तीची छोटी रक्कम समितीने ठरावाने बाजूला ठेवावी, आणि तेवढ्यापुरती स्थानिक कारागिराची साधी पावती चालावी.

दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली, या पोस्टचा आधार घेऊन कुणी 'दुरुस्ती होते ना, मग नवीन कशाला' असं म्हणू नये. हे मॉनिटर जुनेच आहेत, दोन वर्षं चालतील, कदाचित चार. शाळेला नवीन संगणक हवेतच. मधल्या वर्षांत पोरांनी काय नुसतं डोकावत बसायचं? एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरी, हे वाचून घरी मॉनिटर उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. ट्यूबच्या सर्किटमध्ये तर हजाराच्या वर जातात. टॉर्च मारून बघणं तुमचं काम, उघडणं जाणकाराचं.

राहिलेले दोन मॉनिटर आणि काढलेल्या ट्यूब मी भंगारवाल्याला दिलेल्या नाहीत. त्या ट्यूबमध्ये पारा असतो, थोडाच, पण तो फोडून उकिरड्यावर टाकायची चीज नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो माल नोंदणीकृत ठिकाणीच जायला हवा. आपल्या तालुक्यात असं संकलन केंद्र कुठे आहे, हे पंचायत समितीने जाहीर करावं. मला विचारून सापडलेलं नाही.

काल शाळेत जाऊन आलो. तेरा संगणक चालू आहेत. एका संगणकावर दोन-तीन पोरं, म्हणजे तासाभरात प्रत्येकाच्या हाताला माऊस लागतो. पुतणी म्हणाली, "काका, आज मी स्वतः टाइप केलं." काय टाइप केलं विचारलं, तर स्वतःचं नाव. सहावीत आहे ती.

तुमच्या गावच्या शाळेत असे किती मॉनिटर गोणपाटाखाली पडलेत? उद्या जाऊन मोजा, टॉर्च मारा आणि आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. तो आकडा घेऊन आपण पुढच्या समितीच्या बैठकीला जाऊ.