आखातातली जुनी गाडी

आखातात नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरी हल्ली फोनवर एक विषय हमखास निघतो. मुलगा सांगतो, "आई, इथं जुन्या गाड्या लई स्वस्त. आपल्याकडं नवी मोटारसायकल येते तेवढ्यात इथं चालती कार मिळते." आईचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मग येताना घेऊन येता येईल का रे?" पासपोर्टचे कागद दाखवायला आमच्याकडे जी मंडळी येतात, त्यांनीही हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की या खेपेस त्यावरच लिहावे असे आम्ही ठरवले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही येत. दुबई, शारजा, अबुधाबी, सौदी, कुवेत, कतार या सगळीकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असते. आपल्या सरकारच्या आयात नियमाप्रमाणे बाहेरून येणाऱ्या जुन्या मोटारीचे स्टिअरिंग उजव्या हाताला हवे. शिवाय ती बनल्यापासून ३ वर्षांपेक्षा जुनी नको, पुढे किमान ५ वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी हवी आणि ती मुंबई बंदरातूनच यायला हवी. एवढे सगळे जुळले तरी कस्टम ड्यूटी आणि इतर कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे भरावे लागतात. काही एजंट "घरसामानात टाकून पाठवू" असे सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. १९६२ च्या कस्टम्स कायद्यात कलम २(३) मध्ये प्रवासी सामानाची व्याख्याच केली आहे आणि तिच्यात मोटार येत नाही असे स्पष्ट लिहिले आहे. सबब गाडी आणून देतो म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर ती गेलीच समजा.

तेव्हा आखातातली गाडी ही आखातातच वापरायची आणि तिथेच विकायची वस्तू आहे. ती घ्यावी की नाही, हा खरा प्रश्न. यापुढचे आम्ही मुख्यतः दुबई-शारजाकडचे, म्हणजे अमिरातीचे सांगत आहोत. इतर देशांचे कायदे निराळे आहेत. कुवेतने तर २०१४ मध्ये परदेशी माणसाला लायसन्स देण्यासाठी ६०० दिनार पगार, पदवी आणि दोन वर्षांचे वास्तव्य अशी अट घातली होती, काही धंद्यांना सूट देऊन.

अमिरातीत गाडी नावावर करायला रहिवासी व्हिसा चालू असावा लागतो. व्हिसा नोकरीवर, नोकरी मालकाच्या मर्जीवर. म्हणजे गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा व्हिसावर अवलंबून, असे म्हणायला हरकत नाही. लायसन्सचेही तसेच. इथे वीस वर्षे ट्रक चालवला असला तरी तिथला रहिवासी झाल्यावर आपले लायसन्स चालत नाही. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून परीक्षा द्यावी लागते आणि त्यात काही हजार दिरहम जातात. एका दिरहमला वीस रुपयांहून अधिक पडतात, हे लक्षात असू द्या.

लायसन्स नसताना "जवळच तर जायचे आहे" म्हणून मित्राची गाडी काढणारी मुले आम्हाला ठाऊक आहेत. अपघातात माणूस दगावला तर त्याच्या वारसांना 'दिया' म्हणून २ लाख दिरहम द्यावे लागतात. रीतसर लायसन्स आणि विमा असेल तर ती रक्कम विमा कंपनी भरते. लायसन्स नसेल तर कंपनी तो पैसा चालवणाऱ्याकडून वसूल करू शकते. आपल्या हिशेबाने ही रक्कम ४० लाखांच्या वर जाते. गावाकडची जमीन, घर, सगळे विकूनही ती भरून निघायची नाही.

आता महिन्याचा खर्च पाहू. समजा पगार ३,००० दिरहम आहे आणि गाडी रोखीने घेतली. विमा, पासिंग आणि नोंदणीचे कार्ड, ज्याला तिथे मुलकिया म्हणतात, हे मिळून वर्षाला दीड हजार धरा; म्हणजे महिन्याला १२५. पेट्रोल ३००. दुबईत सालिक नावाचा टोल आहे. ३१ जानेवारी २०२५ पासून तो गर्दीच्या वेळी एका फाटकाला ६ दिरहम आणि इतर वेळी ४ झाला, रात्री १ ते ६ माफ. टोल आणि पार्किंग मिळून २०० धरा. टायर-दुरुस्तीसाठी १५० बाजूला. झाले ७७५. पगाराचा चौथा हिस्सा गेला, आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही. सोनापूरच्या कॅम्पात राहणाऱ्या आणि कंपनीच्या बसने साइटवर जाणाऱ्या मुलाला हा खर्च कशासाठी? ज्याचे काम मेट्रो-बसने भागते त्यालाही नको. रात्रपाळीच्या नर्स भगिनी, हत्यारे घेऊन घरोघर फिरणारे एसी मेकॅनिक, किंवा भाडे परवडत नाही म्हणून कुटुंबासह शारजात राहून दुबईत कामाला जाणारे, यांना मात्र गाडी खरोखर उपयोगी पडते. काही जण खर्च काढायला चार सोबत्यांना महिना ठरवून घेऊन जातात, त्याला 'कार लिफ्ट' म्हणतात. परवान्याशिवाय हे बेकायदा आहे. दंड जबर आणि गाडीही अडकते.

घ्यायचीच ठरली तर बाहेरचा रंग पाहून भुलू नये. आखातासाठी बनवलेल्या गाडीला तिथे 'जीसीसी' गाडी म्हणतात. उन्हाळा सोसेल असा तिचा रेडिएटर आणि एसी असतो. अमेरिकेत अपघातात मोडलेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाड्या लिलावात घेऊन शारजाकडे दुरुस्त करून विकतात. त्या स्वस्त पडतात, का ते उघड आहे. मीटर मैलांचा असेल तर गाडी तिकडची असण्याचा संभव फार. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीतच विक्रमी पाऊस पडून हजारो गाड्या पाण्यात गेल्या, तेव्हा तिथली जीसीसी गाडीसुद्धा तपासून घ्यावी लागते. गालिचा उचलून खाली गंज किंवा चिखल आहे का पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराचा डाग तिथे राहतो. टायरवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. तिथल्या उन्हात जुना टायर भर वेगात फुटतो. तपासणी केंद्रात चार पैसे भरून पूर्ण तपासणी करून घ्यावी. विकणारा त्याला "कशाला, भाई, मुलकिया नवीन आहे" म्हणू लागला तर सलाम करून निघावे. गाडीवर दंड किंवा बँकेचे कर्ज बाकी असेल तर नाव बदलत नाही, हेही पैसे देण्याआधी पाहावे. मित्राच्या नावावर गाडी ठेवून आपण पैसे भरणे तर साफ टाळावे. मित्र देश सोडून गेला की गाडी त्याची आणि पैसे आपले.

कर्जाविषयी आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या नियमाप्रमाणे गाडीच्या किमतीच्या ८० टक्के कर्ज मिळते आणि ते ६० महिन्यांत फेडायचे असते. आपल्या पोरांची नोकरी बहुधा दोन वर्षांच्या करारावर असते. पाच वर्षांचे हप्ते दोन वर्षांच्या नोकरीच्या जोरावर कसे भरणार? २००८-०९ च्या मंदीत दुबई विमानतळावर मालकांनी टाकून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या. नक्की किती, यावर वाद झाला, पण कर्जबाजारी माणसे पळाली हे खरे. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर जानेवारी २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत तुरुंग टळतो. तरी बँक त्याच चेकवर थेट वसुलीसाठी कोर्टात जाऊ शकते आणि कोर्ट देश सोडायला बंदी घालू शकते. इथे बाप आजारी आणि मुलगा तिथे विमानतळावर अडकलेला, हे होऊ नये. म्हणून गाडी रोखीने घ्यावी, नाहीतर घेऊ नये. घरच्यांनीही "अमक्याच्या पोरानं गाडी घेतली" हे फोनवर ऐकवणे बंद करावे.

परत यायचे ठरले की गाडी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. घाईतला माणूस पाहिला की दलाल निम्मी किंमत सांगतो. दोन महिने आधी गिऱ्हाईक शोधावे, दंड भरावा, विकत घेणाऱ्याबरोबर स्वतः जाऊन नाव बदलून घ्यावे आणि त्या कागदाची प्रत घरी पाठवावी. त्यानंतरच व्हिसा रद्द करायचा अर्ज द्यावा.