तिवई घेतांना

शिवालयांत अभिषेकपात्र ज्या तीन पायांवर ठेवतात, तिला आपण तिवई म्हणतों. कॅमेऱ्याखालच्या तसल्याच वस्तूस दुकानदार ट्रायपॉड म्हणतात. शब्द आपल्या घरांत असतां तो बाहेरून कां आणावा, म्हणून आम्ही येथें तिवईच म्हणणार. तीन पाय कां, चार कां नव्हेत, असें आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, आणि भूमितीचा जुना मास्तर अशा प्रश्नाची वाटच पाहत असतो. एका रेषेंत नसलेले कोणतेहि तीन बिंदु घ्या, त्यांतून एक पातळी जाते व एकच जाते. म्हणून तीन पायांची वस्तु खडबडीत भूमीवरहि डुगडुगत नाहीं. टेबलाच्या चौथ्या पायाखालीं कागदाची घडी कधीं घातलीच नाहीं असें घर विरळा.

असो. या विषयांत आम्ही पडलों तें आमच्या थोरल्या बंधूंमुळें. दादा चर्चगेटजवळच्या एका कचेरींत छत्तीस वर्षें होते. सायंकाळीं परततांना गाडीनें दहिसर सोडलें कीं मीरा रोड येईपर्यंत डाव्या हातास खारफुटी व मिठागरें लागत, आणि त्याच सुमारास सूर्य त्या उथळ पाण्यावर उतरलेला असे. आतां गुडघ्यांमुळें त्यांस जिना उतरवत नाहीं. फाल्गुनांत त्यांस पंचाहत्तर पुरीं व्हावयाचीं होतीं, काय हवें, असें विचारतां म्हणाले, "तें मिठागर एकदां भिंतीवर लावून द्या. मीं बघितलें तसें. पुढें तीं मिठागरें राहतात कीं नाहीं, कोणास ठाऊक."

दादांच्या नातवानें पहिल्या वर्षाच्या पगारांतून शिल्लक टाकून कॅमेरा घेतला होता. त्यानें काम हौसेनें अंगावर घेतलें. पहिल्या सायंकाळचीं चित्रें घरीं मोठीं करून पाहिलीं, तों सगळीं पुसटलेलीं. कारण सरळ आहे. हातांत धरलेला कॅमेरा किती वेळ स्थिर राहील याचा एक ठोकताळा जाणते सांगतात: भिंगाचें नाभ्यंतर ५० मिलिमीटर असेल, तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ पडदा उघडा ठेवूं नये. परंतु निसर्गदृश्यांत पायाजवळच्या बांधापासून क्षितिजापर्यंत सर्व रेखीव हवें, म्हणून भिंगाचें द्वार लहान करावें लागतें. त्यांत मावळतीचा मंद उजेड. मग अर्धा सेकंदहि पुरत नाहीं. भिंगांतील कंपनिवारक यंत्रणा थोडें सांभाळून घेते, पण तिलाहि मर्यादा आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी त्या काळीं चित्रें घेत, तेव्हां एकेका चित्रास कित्येक सेकंद लागत. तिवईवांचून कोणी घराबाहेर पडत नसे. उपकरणें बदललीं, सायंकाळचा उजेड मात्र तेवढाच राहिला आहे.

तेव्हां तिवई आणावयाची ठरली. येथें आमच्यांतील काटकसरी मास्तर जागा झाला. स्टेशनाजवळच्या एका दुकानांत अकराशें रुपयांची तिवई मिळाली. दिसावयास ऐटदार, उंचीला माणसाएवढी, आणि वजनाला इतकी हलकी कीं आम्हांस तो गुणच वाटला! मिठागराच्या अरुंद बांधावर ती उभी केली, उंची हवी म्हणून मधला दांडा पुरा वर काढला, आणि नातू घड्याळ पाहण्यास वळला तों खाडीवरून वाऱ्याची एक झुळूक आली. कॅमेरा भिंगासकट बांधावर आपटून चिखलांत गेला. दोष अर्धा तिवईचा, अर्धा आमचा. दुरुस्तीस साडेचार हजार पडले, म्हणजे अकराशांची तिवई छपन्नाशांस पडली. खर्चापेक्षां आम्हांस लागलें तें पोराचें बोलणें. "भाऊआजोबा, राहूं दे आतां हें. नाहीं तरी घरांत कॅमेऱ्याचें कोणास काय पडलें आहे?" स्वस्ताचा आग्रह आमचा होता, हें तो बोलला नाहीं. न बोलला म्हणूनच अधिक लागलें.

दुसऱ्या रविवारीं आम्ही दोघे फोर्टांतल्या बोराबाजारांत गेलों. कॅमेऱ्याच्या सामानाचीं दुकानें तेथें ओळीनें आहेत व वस्तु हाताळून पाहतां येते. पेटींतून घरपोंच येणाऱ्या मालाची ती सोय नाहीं. पेटीवर लिहिलेल्या उंचीवर विश्वासूं नये. मधला दांडा न उचलतां ती आपल्या हनुवटीपर्यंत येते काय, तें पाहावें. दांडा वर काढला कीं तीन पायांच्या वस्तूची आपण एकपायी वस्तु करतों, हें आम्ही चिखलांत शिकलों. भार किती पेलते याचा आंकडाहि उदार हातानें लिहिलेला असतो. कॅमेरा व भिंग मिळून सव्वा किलो भरत असेल, तर निदान तिप्पट भाराची तिवई मागावी.

खरी परीक्षा मात्र नातवानें काढली, आणि ती आम्हांस फार आवडली. कॅमेरा तिवईवर बसवून समोरच्या पाटीवर रोखावा, मागच्या पडद्यावर ती पाटी होईल तितकी मोठी करावी, आणि तिवईच्या पायास बोटानें हलकी टिचकी मारून मनांत आंकडे मोजावे. पाटीचीं अक्षरें किती आंकड्यांनीं स्थिर होतात? पहिल्या तिवईस सात लागले, दुसरीस पांच, एकीस दोन. ती दोनाची ॲल्युमिनियमची, पावणेदोन किलोंची, साडेपांच हजारांस मिळाली. दुकानदारानें कार्बनच्या नळ्यांचीहि दाखविली. ती वजनाला कमी आणि किंमतीला तिपटीच्या आसपास. गडावर पाठीवर घेऊन जाणाऱ्यास ती शोभेल. मिठागर, उत्तनचा किनारा किंवा घोडबंदरचा किल्ला एवढीच ज्याची धांव, त्यानें त्या पैशांत दुसरें कांहीं घ्यावें. डोकें, म्हणजे वरचा फिरता भाग, सुटा होणारें असावें. बिघडलें तर तेवढेंच बदलतां येतें. कॅमेऱ्याखालीं बसणारी पट्टी सर्रास मिळणाऱ्या मापाची हवी. ती हरवल्यास तिवई म्हणजे नुसती काठ्यांची मोळी! पायांचे खटके आमच्यासारख्यांच्या बोटांना पिळाच्या कड्यांपेक्षां सोपे जातात, पण ही ज्याची त्याची आवड.

मीरा-भाईंदरकडे आणखी एक शत्रु आहे, तो खार. खारें पाणी लागलेली तिवई तशीच मिटून ठेवली तर सांध्यांत मीठ धरतें आणि पुढच्या खेपेस पाय बाहेर येत नाहींत. घरीं आल्यावर गोड्या पाण्यानें धुवावी, पाय उघडे ठेवूनच वाळवावी. आमच्याकडे ती मोरींत उभी राहते, आणि वहिनी रोज तिला कोणाचें सोंवळें वाळत घालावयाचें आहे म्हणून विचारतात.

फाल्गुनांत रखवालदारास विचारून पुन्हां त्याच बांधावर गेलों. मधला दांडा खालींच ठेवला. तिवईच्या मध्यास आंकडा असतो, त्यास पाण्याची बाटली घातलेली पिशवी जमिनीस जेमतेम टेकेल अशी टांगली; लोंबती ठेवली तर वाऱ्यानें तीच झोके घेते. कंपनिवारक यंत्रणा बंद केली, आणि बोटाचा धक्काहि नको म्हणून दोन सेकंदांनीं आपोआप उघडणारी कळ लावली. सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनीं घेतलेलें, एक सेकंदाचें चित्र उत्तम आलें.

तें दोन हात रुंद करून, चौकट घालून दादांच्या खाटेसमोर लावलें. त्यांनीं कांहीं म्हणण्यापूर्वीं आमचें भिंग मागितलें आणि भिंतीजवळ खुर्ची ओढवून घेऊन मिठाच्या राशी मोजल्या. अकरा भरल्या. मग नातवाकडे वळून विचारलें, "अन् गाडी रे? रुळांच्या बाजूनें घेतलेंस तर गाडीहि येईल कीं नाहीं?"

या रविवारीं तीहि खेप ठरली आहे. तिवई वाळली आहे.