विश्लेषण : विनोदाची धार वयाने बोथट होते की कराराने?

सन २००५ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरच्या करारावर पाणी सोडून अमेरिकी विनोदवीर डेव्ह शॅपेल यांनी दूरचित्रवाणीवरील आपला गाजता कार्यक्रम अर्ध्यावर थांबविला होता. वीस वर्षांनी, २०२५ च्या रियाध विनोद महोत्सवात मात्र ते मंचावर दिसले. सौदी राजघराणे आणि धर्म यांची बदनामी करणारा विनोद नको, अशी अट करारात असल्याचे निमंत्रण नाकारणाऱ्या अत्सुको ओकात्सुका यांनी उघड केले. पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येला ७ वर्षे पूर्ण झाली, तीही याच महोत्सवाच्या काळात.

हा वयाचा परिणाम मानावा काय? जॉर्ज कार्लिन यांचे उदाहरण नेमके उलट आहे. १९७२ मध्ये मंचावरील भाषेमुळे मिलवॉकीत अटक झालेले कार्लिन उतारवयात अधिकच प्रखर होत गेले. २००८ मध्ये ७१ व्या वर्षी निधन होईपर्यंत ती धार टिकली.

मुद्दा मानधनाचाही नाही. कलावंताने पैसा मिळवू नये, असे कोणी म्हणत नाही. मात्र थट्टा कोणाची करायची नाही, हे पैसे देणारा ठरवू लागला, की विनोदाचे स्वातंत्र्य संपते. यजमानाला वगळून केलेली बंडखोरी कोणत्याही वयात सोपीच असते.